वारा पडला, काइट पाण्यात बसली: सोडायची की धरून ठेवायची?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: संध्याकाळी काइटसर्फिंग करताना (काइट म्हणजे मोठा पतंग, त्याच्या ओढीवर बोर्डवरून पाण्यावर घसरायचं) किनाऱ्यापासून सुमारे 700 मीटर आत वारा पडला, 12 चौरस मीटरची काइट पाण्यात बसली. वारा किनाऱ्याकडे तिरपा होता. पाऊण तास तुम्ही काइट उठवायचा प्रयत्न केलात, मग लीश (काइटला अंगाशी जोडून ठेवणारा पट्टा) काढून ती सोडून दिलीत आणि बोर्ड छातीखाली घेऊन पोहत निघालात. अंधार पडता पडता किनाऱ्याला लागलात. आता विचारताय, काइट सोडली ही चूक झाली का.

तुम्ही सुखरूप आलात, हे वाचून खरंच हायसं वाटलं. काइट सोडणं ही चूक होती. पण माझ्या मते ती दुसरी चूक. पहिली चूक त्या पाऊण तासात झाली. तेव्हा जो काही थोडा वारा शिल्लक होता, तो काइट उठवायला पुरत नव्हता, पण काइटचं शिड करून तुम्हाला किनाऱ्याला आणायला पुरला असता. तो वारा तुम्ही वाट बघण्यात घालवलात. तुमच्यासारखंच जवळजवळ सगळे करतात, मीही केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

वारा अर्धा झाला की काइटची ओढ अर्धी होत नाही, पावपट होते. ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गानुसार बदलते. त्यामुळे 16 नॉटला (तासाला सुमारे 30 किलोमीटर) मजेत चाललेला माणूस 8 नॉटला पाण्यात बसतो आणि त्याला वाटतं वारा एकदम गेला. खरं तर वारा बराच वेळ हळूहळू उतरत असतो. शिवाय आपण चालत असतो तेव्हा आपल्याच वेगाने काइटला जादा वारा मिळत असतो, आणि थांबलो की तोही गेला. हायड्रोफॉइलवाल्यांनी (ज्यांच्या बोर्डखाली पाण्यात पंख असतो) हे नीट लक्षात घ्यावं. फॉइलवर 8-10 नॉटमध्येही छान चालता येतं. पण तेवढ्याच वाऱ्यात पडलात, तर पाण्यात भिजलेली मोठी काइट उठेलच याचा भरवसा नाही. चालता येण्यापुरता वारा आणि पाण्यातून काइट उठवण्यापुरता वारा, हे दोन वेगळे आकडे आहेत. आत किती जायचं ते दुसऱ्या आकड्यावर ठरवायचं.

आता संध्याकाळबद्दल. दुपारचा वारा बहुतेक वेळा खारा वारा असतो: जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते, समुद्रावरची हवा आत येते. ऊन उतरलं किंवा जमिनीवर ढगांचं छत आलं की त्याचं इंजिनच बंद पडतं. पुढे रात्री वारा आलाच तर तो मतलई असतो, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे ढकलणारा. संध्याकाळी वारा पडल्यावर "येईल परत" म्हणून थांबणारा माणूस जो वारा मागतोय, तो बहुधा येणार नाही. आला तर उलटा येईल आणि तोवर उजेड गेलेला असेल. काळे ढग जवळ असतील तर प्रकरण आणखी वाईट. गडगडाटी ढगाआधी वारा पडतो, मग एकदम भलत्याच दिशेने जोरदार झोत येतो. अशा वेळी पाण्यात दोऱ्या पसरून, फुगलेल्या काइटला बांधून घेऊन बसणं फार धोक्याचं आहे. तिथे पहिल्या मिनिटापासून गुंडाळायला लागायचं.

वारा जायच्या खुणा पाण्यावर आधी दिसतात. वाऱ्याच्या वरच्या बाजूला बघायची सवय ठेवा. झुळूक येते तिथे पाणी गडद आणि खरखरीत दिसतं, वारा मरतो तिथे फिकट, तुळतुळीत. लाटांवरचे पांढरे तुरे विरळ व्हायला लागले की मी तोंड किनाऱ्याकडे वळवतो, मग अजून कितीही छान चाललं असो. हाताला कळणारी खूण म्हणजे दोऱ्या सैल पडणं आणि काइट मागे रेलणं. इथे नवशिक्याचा हात घाबरून बार (काइट चालवायचा हातातला दांडा) अंगाकडे ओढतो. बार ओढला की काइट आणखी गुदमरते आणि पाठीवर पडते. बार सोडा, म्हणजे पुढे ढकला. काइट डोक्यावर उभी करून ठेवू नका, कारण डोक्यावर थांबलेली काइट वारा गेला की दगडासारखी खाली येते. तिला हलती ठेवा, मधल्या उंचीवर वर-खाली फिरवत राहा, आणि जो काही वेग मिळेल तो किनाऱ्याकडे खर्च करा.

तरीही पडली, तर माझा नियम असा: तीन प्रयत्न किंवा पाच मिनिटं, जे आधी संपेल ते. हा नियम मला एका लांबलेल्या संध्याकाळने शिकवला. मी किनाऱ्यापासून एक किलोमीटरच्या आसपास होतो आणि दर दोन मिनिटांनी एखादी झुळूक यायची, काइटचं एक टोक उचलायचं, मला वाटायचं आता उठेल. अर्ध्या तासाने मान वर केली तेव्हा किनाऱ्यावरची ओळखीची झाडं पार डावीकडे गेली होती. प्रवाह मला नेत होता आणि मी नुसता काइटकडे बघत होतो. त्या दिवशी मासेमारीची एक होडी वाटेत भेटली म्हणून मी हे लिहितोय. तेव्हापासून काइट पाण्यात बसली की मी आधी किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरतो, पुढे एक झाड आणि मागे एक घर असं काहीतरी. रेषा मोडली की कळतं आपण वाहतोय, आणि कुठे.

पाच मिनिटं झाली. आता काय? क्विक रिलीज (काइटची ओढ एकदम सोडणारी कळ) ओढा, म्हणजे काइट एकाच सेफ्टी दोरीवर येते आणि ओढ सोडते. लीश काढू नका. त्या सेफ्टी दोरीवरून हातावर हात टाकत बारपर्यंत जा. दोरी मुठीत धरा, हाताला किंवा बोटांना वेढा चुकूनही नको, झुळूक आली तर ती बारीक दोरी बोट कापून काढू शकते. बार हाती आला की आधी फक्त सेफ्टी दोरी बारच्या टोकावर काही वेढे देऊन गाठीने पक्की करा. बाकीच्या दोऱ्या तिच्यापेक्षा निदान काइटच्या रुंदीइतक्या सैल राहिल्या पाहिजेत. ही पायरी लोक घाईत गाळतात. मग सगळ्या दोऱ्या सारख्या ताणाने गुंडाळल्या जातात, मध्येच झुळूक येते आणि काइट हातात बार असताना उभी राहते. सेफ्टी पक्की झाल्यावर सगळ्या दोऱ्या एकत्र बारवर गुंडाळत काइटकडे सरकायचं, शेवटी पुन्हा गाठ. अगदी शांत पाण्यात दोऱ्यांची वेटोळी पायाभोवती येतात. पाय कमी हलवा, शरीर आडवं ठेवा, हार्नेसवर (काइट ज्याला जोडतात त्या कमरेच्या पट्ट्यावर) दोरी कापायचा आकड्याचा चाकू असू द्या.

काइट हातात आली की अर्धं काम झालं. ती पाठीवर, म्हणजे पोट आकाशाकडे करून ठेवा. एका टोकाशी स्वतः जा, दुसरं टोक त्याच्या ब्रायडलने (काइटलाच जोडलेल्या आखूड दोऱ्यांनी) किंवा दोरीने आपल्याकडे ओढा, म्हणजे कापड बाकदार होऊन त्यात वारा भरतो. हेच शिड. अंग काइटच्या पुढच्या कडेच्या फुगवलेल्या नळीवर टाकून पडायचं, बोर्ड पोटाखाली किंवा पायात घालून सुकाणूसारखा वापरायचा. काइट उठवायला जो वारा अजिबात पुरत नाही, त्यावर हे शिड चालतं. वेग फार नसतो, पण पोहण्यापेक्षा बरा, आणि दमायला होत नाही. वाऱ्याच्या दिशेनेच जातं, थोडंफार तिरपं नेता येतं. तुमचा वारा तिरपा किनाऱ्याकडे होता, म्हणजे तुम्ही निघालात तिथे नाही, पण बरंच पुढे कुठेतरी जमिनीला लागला असता.

वारा पूर्ण मेला असेल किंवा समुद्राकडे वाहत असेल तर शिडाचा उपयोग नाही. मग दोन वाटा. किनारा खरंच जवळ असेल आणि प्रवाह आडवा नसेल तर काइट आवरून पोहा. त्यासाठी आधी आडव्या नळ्यांचे चिमटे बंद करायचे, म्हणजे त्यांतली हवा टिकते. मग पुढच्या मोठ्या नळीचा व्हॉल्व्ह उघडायचा, टोकांकडून मध्याकडे गुंडाळायचं आणि लीशने बांधायचं. हे गाठोडं तरंगतं, छातीखाली घेता येतं. किनारा लांब असेल तर मात्र हवा सोडू नका. फुगलेली काइट हा तुमचा तराफाही आहे आणि झेंडाही.

जवळ-लांब ठरवताना स्वतःला फसवू नका. साधारण पोहणारा मोकळ्या अंगाने तासाला दोनएक किलोमीटर जातो. हार्नेस आणि बोर्ड घेऊन त्याच्या निम्मं धरा. एक नॉटचा प्रवाह म्हणजे तासाला 1.85 किलोमीटर. त्याच्या विरुद्ध तोंड करून तुम्ही कितीही हात मारलेत तरी मागेच जाल. प्रवाहाला आडवं पोहायचं, कुठे लागू ते लागू. आणि पाणी गार असेल तर हिशोबाला आणखी घट. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने ओढून घेतं. काइटवर चढून जेवढं अंग पाण्याबाहेर ठेवता येईल तेवढं ठेवा.

आता तुमचा मूळ प्रश्न, काइट सोडण्याचा. फुगवलेल्या नळीची काइट ब्रूनो आणि दोमिनिक लेगेन्यू या फ्रेंच भावांनी 1984 मध्ये पेटंट केली, ती पाण्यात पडल्यावर तरंगावी आणि पुन्हा उठावी याच विचाराने. म्हणजे तुम्ही जी सोडून दिलीत ती तुमच्याजवळची सगळ्यात मोठी तरंगणारी वस्तू होती. लाटांमध्ये माणसाचं डोकं होडीवरून शंभर-दोनशे मीटरवरही दिसत नाही, विमानातून तर शोधणं फारच कठीण. 12 चौरस मीटर रंगीत कापड दिसतं. मार्च 2012 मध्ये पोलंडचा यान लिसेव्स्की इजिप्तहून तांबडा समुद्र ओलांडून सौदी अरेबियाला एकटा निघाला होता. मध्येच वारा पडला. सुमारे दोन दिवस तो समुद्रात अडकून होता, शार्कना चाकूने हुसकावत होता, आणि तरी जिवंत सापडला. आपल्यापैकी कोणी एवढं लांब जाणार नाही, पण तरंगत राहणारा माणूस सापडतो, हे त्यातून घेण्यासारखं आहे. काइट सोडावी ती एकाच परिस्थितीत: तीच तुम्हाला खडकांकडे, फुटणाऱ्या लाटांत किंवा आणखी आत ओढतेय आणि आवरत नाहीये.

मदत मागताना एक हात हलवू नका, लांबून तो नमस्कार वाटतो. दोन्ही हात बाजूला ताठ करून सावकाश वर-खाली करत राहायचं, ही जगभर ओळखली जाणारी खूण आहे. शिट्टी प्रत्येकाकडे हवीच. त्यापुढे वॉटरप्रूफ पिशवीत फोन, किंवा चॅनल 16 वर (समुद्रातल्या आणीबाणीचा चॅनल) बोलता येईल असा छोटा व्हीएचएफ रेडिओ. लांब जाणाऱ्यांनी 406 मेगाहर्ट्झचा वैयक्तिक बीकन घ्यावा, तो उपग्रहामार्फत तुमची जागा कळवतो. इम्पॅक्ट जॅकेट आपटण्यापासून वाचवतं, त्याला लाइफ जॅकेट समजू नका. होडी जवळ येत असेल तर दोऱ्या आधी गुंडाळलेल्या हव्यात, पंख्यात एक दोरी अडकली की दोन माणसांना वाचवायची वेळ येते. हेलिकॉप्टर आलं तर पुढच्या नळीची हवा सोडून काइट अंगाखाली दाबून धरा, कारण त्याच्या पंख्याचा वारा फुगलेली काइट उडवू शकतो.

सराव मात्र करा. दहाएक नॉटचा किनाऱ्याकडे येणारा वारा, छातीभर पाणी, सोबत एक जण, आणि क्विक रिलीजपासून शिडापर्यंत पूर्ण एकदा. मला पहिल्यांदा वीस मिनिटं लागली होती आणि सेफ्टीची गाठ दोनदा सुटली. मोसमाच्या सुरुवातीला मी अजूनही हे एकदा करून बघतो.

आणि एक गोष्ट आजच करा. काइट अजून सापडलेली नाही असं तुम्ही लिहिलंय. तटरक्षक दलाला फोन करून तिचा रंग, आकार, सोडल्याची वेळ आणि जागा सांगा, आणि तुम्ही किनाऱ्यावर सुखरूप आहात हेही. रिकामी काइट तरंगताना दिसली की तिचा मालक बुडतोय असं धरूनच शोध सुरू होतो, आणि रात्रभर होड्या एका अशा माणसाला शोधत राहतात जो घरी झोपलेला असतो. नवीन काइट आली की पुढच्या नळीवर न पुसणाऱ्या शाईने नाव आणि फोन नंबर लिहून ठेवा.