बाँडिंग लावलंय, पण वेग वाढत नाही? आधी हे बघ

मित्रा, बाँडिंग म्हणजे सर्व्हरची दोन किंवा जास्त नेटवर्क कार्डं जोडून एकच कार्ड (बाँड) असल्यासारखी वापरणं. ते चालत नसेल तर कॉन्फिग फाइल पुन्हा पुन्हा बदलत बसू नकोस. लिनक्स कर्नलला काय दिसतंय ते आधी वाच: प्रॉक फोल्डरमधल्या नेट, त्यातल्या बाँडिंग फोल्डरमध्ये बाँडच्या नावाची फाइल असते, ती कॅट (cat) कमांडने उघड. मोड, प्रत्येक कार्डाची लिंक, किती वेळा तुटली, सगळं तिथे आहे.

तू मोड ४ वापरतोयस असं धरतो, म्हणजे एलएसीपी: यात सर्व्हर आणि स्विच आपसात बोलून तारांचा एक गट बनवतात. दोन्ही कार्डांचा अ‍ॅग्रिगेटर आयडी, म्हणजे कार्ड कोणत्या गटात आहे तो क्रमांक, एकच हवा. वेगळा दिसला तर एक कार्ड नुसतं बसून आहे. पार्टनर मॅक (समोरच्या स्विचचा हार्डवेअर पत्ता) सगळे शून्य असेल, तर स्विचकडून उत्तरच येत नाहीये. तिकडच्या पोर्टवर एलएसीपी चालू आहे का बघ. मी एकदा अख्खी रात्र सर्व्हरवर घालवली आणि चूक निघाली स्विचच्या पोर्टमध्ये, म्हणून हे कळकळीने सांगतोय.

आणि हो, एकच फाइल कॉपी करून वेग मोजू नकोस. एक कनेक्शन एकाच तारेवरून जातं. १ गिगाबिटच्या दोन तारा असल्या तरी त्याला १ गिगाबिटच मिळणार. अनेक कनेक्शन एकदम सुरू कर. तरीही एकच तार भरत असेल, तर हॅश पॉलिसी (कोणतं कनेक्शन कोणत्या तारेवर जाईल हे ठरवणारा नियम) लेयर३+४ करून बघ, म्हणजे आयपी पत्ता आणि पोर्ट बघून वाटणी होईल.