इझी रन इझीच होऊ दे

प्रिय मुली,

तुझे महिनाभराचे आकडे नीट पाहिले. मेहनतीत तू कुठेच कमी नाहीस. तरीही बुधवारी ८०० मीटरच्या इंटरव्हलमध्ये, म्हणजे जोरात पळून मध्ये थोडं थांबायच्या सरावात, शेवटच्या दोन फेऱ्यांना पाय जड होतात आणि नडगीचं दुखणं पुन्हा डोकं वर काढतंय. त्याचं मूळ तुझ्या मंगळवारात आहे. तू दहा किलोमीटर ५५ मिनिटांत पळतेस, म्हणजे किलोमीटरला साडेपाच मिनिटं. आणि मंगळवारचा ‘इझी रन’, म्हणजे हलकं, सावकाश पळणं, होतो सहाच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटांनी! तो सात-सव्वासातने व्हायला हवा. ऑक्टोबरच्या उकाड्यात साडेसातनेही चालेल, कारण घाम निथळत असताना त्याच वेगाला हृदयाचे ठोके जास्त पडतात.

सावकाश पळायची लाज वाटते, हे मी ओळखून आहे. पोवई नाक्यावर कुणी ओळखीचं दिसलं की पाय आपोआप उचलले जातात. शिवाय धावा नोंदवायच्या स्ट्राव्हा ॲपवर तो आकडा चारचौघांना दिसणार. पण ज्यांच्याकडे बघून आपण पळायला लागलो, ते कसे पळतात ते बघ. केनियाचा मॅरेथॉनपटू एलियुड किपचोगेने २०२२ मध्ये बर्लिनला मॅरेथॉन २ तास १ मिनिट ९ सेकंदांत संपवली, म्हणजे किलोमीटरला साधारण २ मिनिटं ५२ सेकंद. त्याच्या हलक्या धावा याहून किलोमीटरमागे मिनिटभरापेक्षाही जास्त सावकाश असतात. तुझ्या दोन वेगांत अंतर आहे जेमतेम अर्ध्या मिनिटाचं. नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी रोइंग, स्कीइंग, धावणं अशा खेळांतल्या अव्वल खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा दहापैकी साधारण आठ सत्रं हलकीच निघाली. तुझ्याकडे बहुतेक सगळी सत्रं मधलीच आहेत, ना हलकी, ना पूर्ण जोराची. दमवतात भरपूर, पण बुधवारसाठी ताकद शिल्लक ठेवत नाहीत.

हलकं पळताना स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, पेशींतली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारी केंद्रं, वाढतात, चरबी जाळून पळत राहण्याची सवय शरीराला लागते. यासाठी पळण्यात वेळ घालवावा लागतो, आणि तो वेळ दर आठवड्याला, न दुखावता, पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. दम काही आठवड्यांत सुधारतो, हाडं आणि कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे पट्टे) महिनोन् महिने घेतात. म्हणून छाती ‘चल’ म्हणते तेव्हा नडगी कुरकुरते. तिचं ऐक.

वेग बरोबर आहे की नाही हे कसं ओळखायचं? बोलून बघ. सोबत कुणी असेल तर पूर्ण वाक्यांत गप्पा मारता आल्या पाहिजेत. एकटी असशील तर एकोणिसाचा पाढा मोठ्याने म्हण, दोन-तीन ओळी एका श्वासात. मध्येच धाप लागली की वेग उतरव. मनगटावरच्या घड्याळात दिसणाऱ्या हृदयाच्या ठोक्यांवर फार विसंबू नकोस, ही घड्याळं कधीकधी पावलांचा ताल मोजून ठोके म्हणून दाखवतात. यवतेश्वरच्या घाटात तर पेस बघूच नकोस. चढावर धाप लागली की खुशाल चाल. घाटात चालल्याने कुणाची मॅरेथॉन बिघडल्याचं मी पाहिलेलं नाही.

पहिले काही दिवस पाय अडखळतील, पळतोय की रेंगाळतोय असं वाटेल. पावलं छोटी आणि चपळ ठेव, लांब टाकू नकोस. मग एखाद्या सकाळी तसाच श्वास, तशाच गप्पा, आणि घड्याळात मात्र सातच्या जागी पावणेसात दिसेल. मी त्याची वाट बघतोय. जानेवारीत मुंबईच्या हाफ मॅरेथॉनला तू काय वेळ देशील, याचा अंदाज मला त्यातून जास्त येईल.

तर पुढचे सहा आठवडे असं कर. मंगळवार, गुरुवार, शनिवार घड्याळातून पेसचा रकाना काढून टाक, फक्त वेळ दिसू दे: ४५ मिनिटं. बुधवारी पूर्ण जोर लाव, हातचं राखू नकोस. नडगी दुखली तर त्या दिवशी सुट्टी घे आणि मला फोन कर, अंगावर काढू नकोस. रविवारच्या लाँग रनला मी सोबत येतो. पुढे तू नाही पळायचंस, माझ्या बाजूने पळायचंस.

तुझा,
काका