असेम्ब्लीत कमांड लाइनची आर्ग्युमेंट्स कशी वाचायची? लिनक्सवर चालणारा कोड विंडोजवर का कोसळतो?

‘स्टॅकवरून पॉप करा (वरची किंमत काढा), आर्गसी म्हणजे आर्ग्युमेंट्सची संख्या मिळेल’ हे उत्तर जिथेतिथे चिकटवलेलं दिसतं आणि ते अर्धवट आहे. आर्ग्युमेंट्स कुठे ठेवायची हे प्रोसेसर ठरवत नाही, ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते.

६४-बिट एक्स८६ लिनक्सवर _स्टार्ट (प्रोग्रॅमचा पहिला प्रवेशबिंदू) सुरू होताना आरएसपी, म्हणजे स्टॅकचा माथा दाखवणारं रजिस्टर, थेट आर्गसीवर असतो. +८ वर प्रोग्रॅमच्या नावाचा पॉइंटर, +१६ वर पहिल्या आर्ग्युमेंटचा, शेवटी शून्य पॉइंटर, मग एन्व्हायर्नमेंट. _स्टार्टला कोणी कॉल केलेलं नसतं, त्यामुळे रिटर्न अ‍ॅड्रेसही नसतो. शेवटी रेट (ret, परतीची सूचना) लिहिलंत तर आर्गसीलाच पत्ता समजून उडी पडते आणि सेगमेंटेशन फॉल्ट येतो. आरएएक्समध्ये ६० (एक्झिटचा क्रमांक) घालून सिसकॉलनेच, म्हणजे कर्नलला थेट हाक देऊन, बाहेर पडा.

तोच कोड मेन नावाने जीसीसी या सी कंपायलरमधून लिंक केला की सगळं बदलतं. आता स्टॅकच्या माथ्यावर रिटर्न अ‍ॅड्रेस, आर्गसी ईडीआयमध्ये, आर्गव्ही (आर्ग्युमेंट्सच्या पॉइंटरांची यादी) आरएसआयमध्ये. इथे पॉप करणारे रिटर्न अ‍ॅड्रेसच आर्गसी म्हणून वाचतात. शिवाय पहिल्याच प्रिंटएफनंतर आरडीआय-आरएसआयचा भरवसा उरत नाही. आरबीएक्स आणि आर१२ पुश करून दोन्ही त्यांत हलवा, आणि आरएसपीतून आणखी ८ वजा करा. नाहीतर स्टॅक १६ बाइटांना जुळत नाही आणि लायब्ररीच्या आत कुठेतरी क्रॅश होतो.

विंडोजवर सुरुवातीला स्टॅकवर आर्गसी नसतोच. गेटकमांडलाइनडब्ल्यू अख्खी ओळ आरएएक्समध्ये देतं, यूटीएफ-१६ मध्ये. कॉलआधी आरएसपीतून ४० वजा करा: ३२ शॅडो स्पेस (कॉल होणाऱ्या फंक्शनसाठी राखीव जागा), ८ अलाइनमेंटसाठी. स्पेसवर स्वतः तोडू नका, अवतरणातला पाथ फुटतो. शेल३२ मधलं कमांडलाइनटूआर्गव्हीडब्ल्यू वापरा आणि काम झालं की लोकलफ्रीने ती मेमरी सोडा.

फ्रीबीएसडीच्या ६४-बिट एक्स८६ वर आरएसपी नव्हे, आरडीआय आर्गसीकडे बोट दाखवतो. डॉसमध्ये पीएसपीच्या (प्रोग्रॅमआधी डॉसने ठेवलेला माहितीचा तुकडा) ८०एच वर लांबी, ८१एच पासून मजकूर. पण डीटीए (फाइल शोधाचा निकाल लिहिण्याची जागा, सुरुवातीला हीच) न हलवता फाइल शोधलीत तर तो मजकूर पुसला जातो, म्हणून आधी कॉपी करा.

‘सरळ मेन लिहा, बाकीचं कशाला?’ असं म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही. मेनपर्यंत आर्ग्युमेंट्स आणून पोचवणारा स्टार्टअप कोडही कोणीतरी लिहिलेलाच असतो. हां, सी लायब्ररी लिंक करायचीच असेल तर मेन वापरा, मात्र ६४-बिट विंडोजवर तिथे रजिस्टर ईसीएक्स आणि आरडीएक्स आहेत.