पुस्तकातले आकडे, घरातला पगार

प्रश्न : वेळेचं नियोजन, सवयी, पैसा अशा विषयांवरची पुस्तकं मी नेरूळहून ठाण्याला येता-जाता लोकलमध्ये वाचतो. वाचताना सगळं पटतं, पण महिन्याभरानं हाती काही उरत नाही. वाचण्याची पद्धत चुकते आहे का? – एक वाचक, नेरूळ

उत्तर : चूक बहुधा अशी होते की एक पुस्तक संपतं आणि लगेच दुसरं सुरू होतं. नव्या वाचनाचं समाधान मिळत राहतं आणि आधीच्या पुस्तकातलं काम तसंच पडून राहतं.

पुस्तक उघडण्याआधी आपली अडचण एका वाक्यात लिहा. ‘वेळ पुरत नाही’ असं मोघम नको. ‘ऑफिसात पोचल्यावर पहिला दीड तास मेलला उत्तरं देण्यात जातो’ असं मोजता येईल ते लिहा. मग अनुक्रमणिका बघून त्या अडचणीशी संबंधित दोन-तीन प्रकरणं निवडा आणि तेवढीच वाचा. या प्रकारची बरीच पुस्तकं एकच मुद्दा निरनिराळ्या उदाहरणांनी सांगतात, त्यामुळे उरलेली प्रकरणं सोडली तरी फारसं बिघडत नाही.

गाडीत उभ्यानं प्रवास असेल तर पेन्सिल काढायच्या भानगडीत पडू नका, महत्त्वाच्या पानात कागदाची पट्टी घाला. त्याच रात्री पुस्तक मिटून वहीत तीन ओळी लिहा : लेखक काय करायला सांगतो, ते मी कधी आणि कुठे करणार, कोणत्या तारखेला तपासणार. पुस्तक मिटलेलंच हवं. खाली रेघा मारलेलं वाक्य पुन्हा दिसलं की ओळखीचं वाटतं, पण ते आपल्याला आठवतंय की नाही हे बघून कळत नाही. न बघता लिहिलं तरच कळतं. ती तारीख येईपर्यंत त्याच विषयावरचं दुसरं पुस्तक घेऊ नका.

तपासणीची तारीख फार जवळची ठेवू नका. ‘२१ दिवसांत सवय लागते’ हे विधान प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांच्या १९६० च्या लेखनावरून पसरलं. त्यांचं निरीक्षण रुग्णांना स्वतःच्या बदललेल्या रूपाची सवय होण्याबद्दल होतं, आणि तिथेही २१ दिवस म्हणजे कमीत कमी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं दिसलं. कोणाला १८ दिवस पुरे पडले, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. त्याच अभ्यासात मध्ये एखादा दिवस चुकल्यानं विशेष फरक पडला नाही. बाविसाव्या दिवशी ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून सोडून देणारे बरेच असतात, त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

प्रश्न : हातात पगार ४८,००० येतो. ऐरोलीत भाडं १७,०००, किराणा-दूध ७,०००, प्रवास १,५००, वीज-मोबाइल १,२००, गावी ४,००० पाठवतो. क्रेडिट कार्डाचे ४०,००० थकले आहेत. पुस्तकातलं ५०-३०-२० चं सूत्र माझ्या पगाराला बसत नाही. शिवाय ४०१ (के) म्हणजे आपल्याकडचं काय? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : ते सूत्र अमेरिकेत मांडलं गेलं : गरजांना ५० टक्के, हौसेला ३०, बचतीला आणि कर्जफेडीला २०. तुमच्या गरजाच ३०,७०० च्या आहेत, म्हणजे सुमारे ६४ टक्के. गावी पाठवायचे पैसे हौसेत धरायचे नाहीत, ती गरजच आहे. भाडं एवढं असताना ५० चा आकडा गाठायला जाल तर किराण्यावर कात्री लागेल आणि दोन महिन्यांत सगळा बेत मोडेल. त्यापेक्षा उलटं करा : उरलेल्या १७,३०० मधून ४,८०० स्वतःच्या खर्चाला ठेवा आणि १२,५०० पगाराच्या दिवशीच बाजूला काढा.

आता क्रम. आधी कार्ड. महिन्याला ३.५ टक्के व्याज धरलं तर ४०,००० वर १,४०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १,६५२ रुपये नुसतेच जातात. तेवढा परतावा खात्रीनं देणारी गुंतवणूक नाही, म्हणून थकबाकी असताना एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणं, सुरू करण्यात अर्थ नाही. फक्त ‘किमान देय रक्कम’ भरल्यानं व्याज थांबत नाही, उलट नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. तेव्हा कार्ड वापरणं पूर्ण बंद करून १२,५०० भरत गेलात तर चौथ्या महिन्यात खातं शून्यावर येईल. मग तीन महिन्यांच्या गरजांइतके ९२,००० वेगळ्या बचत खात्यात जमवा. त्याला आणखी सुमारे सात महिने लागतील. गुंतवणूक त्यानंतर.

४०१ (के) ही अमेरिकेतली नोकरदारांची निवृत्तीसाठीची बचत योजना. तिला आपल्याकडचं सर्वांत जवळचं म्हणजे नोकरीतला पीएफ, पण दोन्ही सारखे नाहीत. तिथला पैसा प्रामुख्यानं बाजाराशी जोडलेल्या फंडांत जातो, इथे पीएफवर दरवर्षी जाहीर होणारं व्याज मिळतं. म्हणून पुस्तकातला वाढीचा तक्ता पीएफला लावू नका. पीपीएफ हे स्वतः उघडायचं सरकारी बचत खातं, त्याची मुदत १५ वर्षांची, वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख. करवजावट मात्र जुनी करप्रणाली निवडली तरच मिळते. भाषांतरित आणि जुन्या आवृत्त्यांत हे सापडत नाही. पैशाचं पुस्तक घेताना आवृत्तीचं वर्ष आधी बघा.

चक्रवाढीच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट राहून जाते. महिन्याला ५,००० रुपये २० वर्षं, १२ टक्क्यांनी, म्हणजे सुमारे ५० लाख. महागाई ६ टक्के धरली तर त्या रकमेची खरेदीची ताकद आजच्या साडेपंधरा लाखांच्या आसपास. परतावा १० टक्केच मिळाला तर मूळ आकडाच ३८ लाखांवर येतो. तक्ता वाचताना हे दोन्ही हिशेब शेजारी मांडा.

प्रश्न : घोडबंदर रोडला घरून डबे देते. उद्योगाच्या पुस्तकात वाचलं की आधी भाव कमी ठेवून गिऱ्हाईक वाढवावं. रोज २० डबे जातात, ९० रुपयांना एक. भाव उतरवू का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, नका उतरवू. तो सल्ला अशा कंपन्यांसाठी असतो ज्यांना तोटा सोसायला गुंतवणूकदारांचा पैसा असतो. आधी एका डब्याचा खर्च काढा. समजा सामान ३८, गॅस ६, डबा-पिशवी ७, पोचवणं १५. चार तासांची तुमची मजुरी तासाला १०० नं ४००, ती २० डब्यांत वाटली तर २०. झाले ८६. राहिले चार रुपये. त्यात रोज दोन डबे उरले तरी नफा संपतो, आणि एखाद्या ॲपनं २५ टक्के कमिशन घेतलं तर साडेबावीस रुपये जाऊन तोटाच होतो. बहुतेक घरगुती व्यवसायात मजुरीचा रकानाच नसतो, म्हणून महिनाअखेर पैसे दिसतात आणि नफा झाल्यासारखा वाटतो.

भावाला हात न लावता पोचवण्याचा खर्च कमी करा : एकाच सोसायटीत पाच-सहा डबे मिळतील असं बघा. पैसे महिन्याचे आगाऊ घ्या, दुसऱ्या दिवशीचा नकार आदल्या रात्री आठपर्यंतच स्वीकारा. धंद्याचं बँक खातं वेगळं ठेवा. अन्नपदार्थ विकायला एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी हवीच. लहान उद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

प्रश्न : अशी पुस्तकं विकत घ्यावीत का? – एक वाचक, कळवा

उत्तर : आधी वाचनालयातून आणा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे. परत केल्यावर एखादं पुस्तक दुसऱ्यांदा लागलं, तर ते विकत घ्या.