तळ्याकाठची रात्र आणि रिकामा गळ

प्रश्न : हुक्केरी तालुक्यातील आमच्या गावतळ्यावर सायप्रिनस (कॉमन कार्प) माशासाठी रात्रभर गळ टाकून बसलो. आमिष चार वेळा नाहीसे झाले, पण दोरी एकदाही ओढली गेली नाही. चूक कोठे झाली? – एक वाचक

उत्तर : चूक बहुधा गळात आणि कणकेत आहे. सायप्रिनसचे दात जबड्यात नसून घशात असतात. त्यामुळे हा मासा तळाच्या गाळातील घास ओठांनी ओढून चाखतो आणि काही टोचताच थुंकून टाकतो, आणि काठावरच्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. गळ लहान व तीक्ष्ण घ्यावा; त्याचे टोक नखावर टेकवल्यास घसरत असेल, तर तो बोथट समजावा. शेंगदाण्याची पेंड व कणीक घट्ट मळून बोराएवढी गोळी करावी आणि ती तळालाच ठेवावी, कारण वरच्या थरात चरतो तो कटला. (सैल कणीक विरघळते, चारपैकी दोन वेळा तरी तुमचे आमिष पाण्यानेच खाल्ले असावे.) शेवाळलेल्या तळ्यात पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि मासे मंदावतात, म्हणून तेथे दिवेलागणीची वेळ साधावी. तळे ठेक्याने दिलेले असल्यास ठेकेदाराला आधी विचारावे.