नावाहो भागात जाताना

प्रश्न: ताई, लेक अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्सला असते, जूनमध्ये आम्ही दोघं मॉन्युमेंट व्हॅली, अँटिलोप कॅनियन बघणार आहोत, काय लक्षात ठेवू?

उत्तर: आधी घड्याळ बघा हं! ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही पण नावाहो नेशन (नावाहो या तिथल्या मूळ रहिवाशांचा स्वतःचा कारभार असलेला प्रदेश, तुमची दोन्ही ठिकाणं तिथंच आहेत) करतं, म्हणजे तासाचा फरक, आणि मधल्या होपी या दुसऱ्या मूळ रहिवाशांच्या गावांत परत ॲरिझोनाचाच टाइम, त्यामुळे बुकिंग करताना नीट विचारूनच घ्या. अँटिलोपला गाईडशिवाय सोडत नाहीत. नॅशनल पार्कचा पास मॉन्युमेंट व्हॅलीत चालत नाही, ती नावाहोंची स्वतःची जागा आहे. होपी गावांत फोटो, रेकॉर्डिंग, साधं स्केचसुद्धा नको, प्लीज, ती माणसांची घरं आहेत. पाणी भरपूर ठेवा. आणि गरम, पुरीसारखा फुगलेला फ्राय ब्रेड मटण स्ट्यूत बुडवून खाच!