भुसावळ ते बोलपूर : लेकीला कलाभवनात पाठवावं का?

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावीला आहे. इंटरमिजिएट ड्रॉइंगला तिला ‘ए’ ग्रेड मिळाली. बंगालमध्ये बोलपूरला लागून असलेल्या शांतिनिकेतनच्या कलाभवनातच, म्हणजे विश्वभारती विद्यापीठाच्या कला विभागातच जायचं, असा तिने हट्ट धरलाय. मी रेल्वेत नोकरीला आहे, चित्रकलेतलं मला कळत नाही. पण चित्रकार व्हायचं तर मुंबईला जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जावं, तिथे गॅलऱ्या आहेत, चित्रं विकली जातात, एवढं समजतं. बोलपूरसारख्या गावात चार वर्षं काढून पुढे तिचं काय होणार?
– एक पालक, भुसावळ

सप्रेम नमस्कार.

तुमची अर्धी शंका रास्त आहे. शांतिनिकेतनात चित्रांचा म्हणावा असा बाजार नाही. तिथल्या तरुण चित्रकाराला काम विकायचं तर त्याचे डोळे कोलकात्याच्या गॅलऱ्यांकडे लागलेले असतात, आणि कोलकाता तिथून रेल्वेने अडीच-तीन तासांवर. जे.जे.च्या मुलांना जहांगीर आर्ट गॅलरी पायी जाण्याच्या अंतरावर. दर आठवड्याला नवी प्रदर्शनं लागतात, तीही फुकट बघायला मिळतात. ही सोय मी कमी लेखणार नाही.

पण पहिली दोन-तीन वर्षं तुमच्या लेकीकडे विकण्यासारखं असणार काय? या वयात चांगलं काम रोज नजरेखालून जावं लागतं, आणि आजूबाजूला सतत काहीतरी घडवणारी माणसं लागतात. त्या बाबतीत हे छोटं गाव पुष्कळ शहरांना भारी आहे.

कलाभवन १९१९ साली सुरू झालं. तिथलं उत्तम काम तिकीट काढून बघायला जावं लागत नाही, ते वाटेत उभं असतं. शिल्पकार रामकिंकर बैज यांचं ‘संथाळ कुटुंब’ हे १९३८चं शिल्प घ्या. कामाच्या शोधात बिऱ्हाड घेऊन निघालेलं जोडपं, नवऱ्याच्या खांद्यावर कावड, कावडीत एका बाजूला मूल, पायाशी कुत्रं. संगमरवर नाही की ब्राँझ नाही. सिमेंटमध्ये तिथलाच तांबडा मुरूम कालवून केलेलं काम. जवळ गेलं की खडे हाताला टोचतात. महागड्या साहित्यावाचून मोठं काम होतं, हे तिथल्या मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही. पुढे कलाभवनातच चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी काळ्या-पांढऱ्या चित्रांनी मढवलेली अख्खी इमारत आहे. चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींनी दृष्टी गेल्यावर केलेलं टाइल्सचं भित्तिचित्रही आहे.

आजचं कलाजीवन बघायचं असेल तर नंदन मेळा गाठा. ३ डिसेंबर हा कलाभवन घडवणारे चित्रकार नंदलाल बोस यांचा जन्मदिवस. त्याच्या आधीचे दोन दिवस, १ आणि २ डिसेंबरला, कलाभवनाच्या आवारात हा मेळा भरतो. विद्यार्थी, शिक्षक, माजी विद्यार्थी सगळेच स्टॉल मांडतात. छापाचित्रं, मातीची भांडी, कॅलेंडरं, डायऱ्या, छोटी शिल्पं, सगळं सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत. जमलेले पैसे विद्यार्थ्यांच्या मदतनिधीत जातात. आपल्या हातची वस्तू अनोळखी माणूस उचलून बघतो, भाव विचारतो आणि कधी परत ठेवून निघून जातो, हा अनुभव पहिल्याच वर्षी मिळतो. मोठ्या शहरांतल्या कितीतरी मुलांना तो पदवी मिळेपर्यंत मिळत नाही.

मात्र जवळच्या सोनाझुरीच्या हाटाला, म्हणजे बाजाराला, तिथलं कलाविश्व समजू नका. कांथ्याच्या साड्या, डोकऱ्याचे (ओतीव धातूचे) दागिने, बाऊल गाणी, पर्यटकांची झुंबड. खरेदीला झकास, शिक्षणाशी त्याचा फारसा संबंध नाही. २०२३मध्ये युनेस्कोने शांतिनिकेतनला जागतिक वारसा ठरवलं. असं नाव झालं की गर्दीही येते. आणखी एक धोका मला जास्त खरा वाटतो. तिथल्या थोरामोठ्यांची छाया फार दाट आहे. ताडाची झाडं, संथाळ बायका, लाल माती हेच वर्षानुवर्षं काढत बसणारी मुलंही तिथे तयार होतात. लेकीला सांगा, सुट्टीत भुसावळचं यार्ड, लोको शेड, केळीच्या बागा काढ. तिच्याकडे तिचं स्वतःचं काहीतरी असू दे.

विषयाची निवड गावाच्या निवडीइतकीच महत्त्वाची आहे, आणि पत्रात त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. पेंटिंग घरी बसूनही चालू ठेवता येतं. एचिंगला, म्हणजे ॲसिडने पत्रा कोरून छापलेल्या चित्राला, जस्ताचा पत्रा, ॲसिडचं भांडं आणि मोठा प्रेस लागतो, शिल्पाला आणि सिरॅमिकला जागा आणि भट्टी. कलाभवनात हे सगळे विषय आहेत. सोमनाथ होर यांच्यासारख्या मोठ्या चित्रकाराने तिथला ग्राफिक, म्हणजे छापाचित्रांचा, विभाग सांभाळला आहे. पण पदवी मिळाली की प्रेस कॉलेजातच राहतो आणि मूल घरी येतं. म्हणून तिला प्रिंटमेकिंग (छापाचित्रं) घ्यायचं असेल तर ‘नंतर काम कुठे करणार?’ हे तिसऱ्या वर्षातच ठरवायला लावा. ललित कला अकादमीच्या कोलकाता केंद्रात स्टुडिओ आहेत, अहमदाबादला कनोरिया सेंटर हे कलाकेंद्र आहे. एम.एफ.ए.साठी, म्हणजे कलेतल्या पदव्युत्तर पदवीसाठी, बडोदा ही जुनी, रुळलेली वाट आहे. सुब्रमण्यन स्वतः शांतिनिकेतनात शिकले, बडोद्याला शिकवलं आणि १९८०मध्ये परतले. कोचीच्या स्टुडंट्स बिनालेवर (कला-विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनावर) आणि संस्कृती मंत्रालयाच्या तरुण कलावंतांसाठीच्या शिष्यवृत्तीवर तिने पहिल्यापासून लक्ष ठेवावं.

आता पोटापाण्याचं. चित्रं विकून घर चालवणारे सगळीकडेच थोडे, मुंबईतसुद्धा. एम.एफ.ए. आणि व्हिज्युअल आर्ट्सची नेट परीक्षा दिली तर कॉलेजात शिकवता येतं. उद्या महाराष्ट्रातल्या शाळेत कलाशिक्षक व्हावंसं वाटलं तर ए.टी.डी. (आर्ट टीचर डिप्लोमा) हीच सरळ वाट; तेवढ्यासाठीच शिकायचं असेल तर बोलपूर गाठायची गरज नाही, हे स्पष्ट सांगतो. डिझाइन, टेक्स्टाइल आणि सिरॅमिक शिकलेल्यांना मात्र कामं मिळायला त्या मानाने सोपं जातं.

भाषेची धास्ती नको. केरळपासून मणिपूरपर्यंतची मुलं तिथे येतात आणि वर्षभरात बंगाली बोलायला लागतात. कोल्हापूरचे विनायक मासोजी तर सुरुवातीच्या काळात तिथे शिकले आणि तिथेच शिक्षक झाले. आणि तुमच्या शेजारच्या फैजपूरला १९३६मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा बांबू आणि गावातल्या साहित्यातून ते नगर सजवायला गांधीजींनी नंदलाल बोसांनाच बोलावलं होतं. तुमच्या मुलखाचं आणि कलाभवनाचं नातं हे असं जुनं आहे.

माझं मत विचाराल तर पाठवा, पण जे.जे.साठीची सीईटीही तिला देऊ द्या. कलाभवनाच्या प्रवेशासाठी विद्यापीठाची त्या वर्षीची सूचनाच प्रमाण माना, एजंटाला पैसे देऊ नका. वहीत फोटोवरून उतरवलेली नटनट्यांची चित्रं असतील तर ती काढून टाका आणि माणसं, गुरं, भांडी समोर बसवून केलेली रेखाटनं ठेवा.

ठरवण्याआधी एकदा दोघं जाऊन या. रेल्वेचा पास तुमच्याकडे आहेच, गीतांजली भुसावळला थांबते, हावड्याहून बोलपूरला गाड्या पुष्कळ. अभ्यास सांभाळून नंदन मेळ्याचेच दोन दिवस जमवा. तिथे तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना गाठून हॉस्टेल, मेस, रंगांचा महिन्याचा खर्च आणि गेल्या वर्षी पास झालेल्या मुली सध्या काय करतात, हे विचारा. हे तुम्ही विचारा. तोवर लेकीला एकटीला हिंडू द्या.